सरकारी वळू आणि शिलेदाराची घोडी

उत्तम जातीचा वळू घोडा सरकारने स्वखर्चाने आणावा, तो तालुक्याच्या ठिकाणी बांधावा, त्याच्या दाणावैरणीची व मोतद्दाराची तजवीज करावी, आणि रयतेने आपल्या घोड्या त्याला विनामूल्य दाखवाव्यात, अशी एक योजना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात हिंदुस्थानातील इंग्रजी मुलखाच्या अनेक जिल्ह्यांत अमलात आली. योजना उदार होती. तिच्यामागे अनुभवी माणसे होती, आणि घोडेही हलक्या प्रतीचे नव्हते. असे असूनही ज्या दख्खनी घोड्याच्या पाठीवरून मराठ्यांनी अटकेपर्यंत मजल मारली, त्या घोड्याची जात या उपायाने वर आली नाही. उलट ती ओसरतच गेली. हे असे का झाले, याचा विचार केवळ घोड्यांच्या शोकिनांपुरता मर्यादित नाही. एखादी गोष्ट एकदा लोकांच्या व्यवहारातून उठली म्हणजे ती वरून आणून पुन्हा रुजवता येते की नाही, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास जालन्यासारखे दुसरे सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. आजचा जालना जिल्हा १९८१ साली स्वतंत्र झाला. तत्पूर्वी हा मुलूख बहुतांशी औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. दक्षिणेस अंबड, घनसावंगी, परतूर या बाजूला गोदावरीचा काठ, म्हणजे जुन्या कागदांतील गंगथडी. उत्तरेस भोकरदन, जाफराबादकडे पूर्णेचे खोरे. हा प्रदेश घोडदळाच्या वाटेवरचा होता. १६१६ साली येथल्या रोषणगावाजवळ मलिक अंबरच्या फौजेची मोगलांशी गाठ पडली आणि तीत अंबरचा पराभव झाला. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी जालन्याची समृद्ध पेठ लुटली. परतताना मोगल फौजेने त्यांना गाठले, आणि बहिर्जीने दाखवलेल्या आडवाटेने ते पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचले. पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांची लढाई झाली. त्या दिवशी सेनापती वेलस्ली याच्या मांडीखालचा एक घोडा गोळी लागून पडला, आणि डायोमेड नावाचा त्याचा आवडता अरबी घोडा भाल्याने जखमी झाला. जेत्या सेनापतीचा घोडा अरबी असावा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कारण दख्खनी घोड्याच्या अंगातही अरबी रक्ताचा अंश होताच. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून घोडे गलबतांत घालून चौल, दाभोळ, गोवा येथे उतरवण्याचा व्यापार अनेक शतके चालला होता. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एकच वळू घोडा विकण्यासाठी घेऊन चौलास उतरला व तेथून जुन्नरास आला. जुन्नरच्या असदखान नावाच्या अधिकाऱ्याने तो घोडा हिसकावून घेतला आणि धर्मांतर केल्यास परत देऊ, असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून बिचाऱ्याचा घोडा व धर्म दोन्ही बचावले. पुढे त्याने तो बीदर येथे विकला. एका घोड्यासाठी परदेशस्थ व्यापाऱ्यावर असा प्रसंग यावा, यावरून बहमनी दरबारी जातिवंत घोड्याचे मोल काय होते ते कळते.

समुद्रावरून आलेल्या अशा घोड्यांचा येथल्या काटक घोड्यांशी संकर होत गेला. भीमा, नीरा, माण या नद्यांच्या काठी जी पैदास झाली ती भीमथडी या नावाने गाजली. हे जनावर दिसण्यात भव्य नव्हे. चार इंचांची एक मूठ धरली, तर त्याची उंची सुमारे तेरा मुठी भरते. पण पाय निबर, खूर टणक, पोट लहान आणि दम मोठा. कडब्यावर आणि मूठभर दाण्यावर ते दिवसच्या दिवस चाले. घाटात घसरत नसे आणि उन्हात थकत नसे. लांब पल्ल्याच्या धावत्या लढाईला ज्या गुणांची गरज, तेच गुण त्याच्या ठायी होते.

हे गुण कोणी जोपासले? या प्रश्नाचे उत्तर शिलेदारीत आहे. मराठी फौजेत स्वारांचे दोन वर्ग असत. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, आणि जो आपला घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. पागेची व्यवस्था चोख होती. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला व एक नालबंद अशी शिवकालीन वहिवाट सभासदाने नोंदवून ठेवली आहे. तथापि घोड्यांच्या पैदाशीच्या दृष्टीने शिलेदाराचे महत्त्व अधिक होते. त्याचे घोडे हे त्याचे भांडवल. घोडा चांगला तर वेतन चांगले, घोडा मेला तर चाकरी बुडाली. शिवाय मराठी स्वारांना घोडीवर बसण्याची आवड होती, ही गोष्ट साधी दिसते पण फार महत्त्वाची आहे. मोहिमेवर जी घोडी शिलेदाराला वाहून नेई, तीच पुढे दारात व्यायची. तिची चाल, तिचा दम, तिचा स्वभाव धन्याने प्रत्यक्ष अनुभवलेला असे. कोणत्या घोडीचे शिंगरू राखावे आणि कोणते विकावे, हे ठरवायला त्याला कोणा परीक्षकाची गरज नव्हती. पंचकल्याणी रंग, अंगावरचे भोवरे, देवमण अशी शुभाशुभ लक्षणे तो पाही हे खरे. परंतु खरी परीक्षा मोहिमेच्या वाटेवर झालेली असे. अशा हजारो घरांतून, कोणी योजना न आखता, एक जात निवडीने घडत गेली.

१८१८ साली पेशवाई बुडाली, आणि त्याबरोबर या घरांचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. इंग्रजी मुलखात शिलेदारांचे पथक बाळगण्याचे कारण कोणा सरदाराला उरले नाही. निजामाच्या राज्यात मात्र ही परंपरा वेगळ्या रूपाने आणखी काही काळ टिकली. १८२७ साली जालना येथे छावणी बांधण्यात आली, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाची फौज तेथे राहू लागली. १८५३ च्या तहाने तिला हैदराबाद काँटिंजंट असे रूप आले. तीत निदान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि चार तोफखाने असावेत असे ठरले, व तिच्या खर्चासाठी वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोपवण्यात आला. जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, अशा तिच्या छावण्या मराठी मुलखातच होत्या. या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. त्यामुळे वरवर पाहता जुनी व्यवस्था कायम होती.

पण नाव राहिले आणि अर्थ पालटला. हळूहळू इंग्रजी अमलाखालील शिलेदारी रिसाल्यांत स्वाराने घरची घोडी घेऊन येण्याऐवजी नेमलेली रक्कम भरावी, आणि रिसाल्याने सर्वांसाठी घोडे एकत्र खरेदी करावेत, असा प्रघात पडला. रिसाल्याला सारखे दिसणारे, सारख्या उंचीचे घोडे हवे असत. कवाइतीच्या मैदानावर तेरा मुठींचे शेतकरी घोडे शोभत नसे. अशा रीतीने स्वार घोड्याचा मालक नावापुरता राहिला, आणि पैदास करणारा तर मुळीच राहिला नाही. घोडीचा आणि फौजेचा जो धागा होता तो येथे तुटला.

इंग्रज सरकारलाही घोड्यांची चणचण भासतच होती. कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस बिहारात पुसा येथे अश्वपैदाशीचे मोठे केंद्र काढले होते. १८०८ साली त्यावर नेमला गेलेला विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्य चांगल्या वळूंच्या शोधार्थ हिमालय ओलांडून थेट बुखाऱ्यापर्यंत गेला, आणि १८२५ साली परतीच्या वाटेवर मरण पावला. मुंबई सरकारनेही पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ आलेगाव येथे असाच उद्योग करून पाहिला, पण तो फार वर्षे टिकला नाही. सरकारी केंद्रांत वाढवलेला घोडा बाजारच्या घोड्याहून फार महाग पडतो असा अनुभव सर्वत्र आला. १८७२ साली नेमलेल्या कमिशनच्या चौकशीनंतर ही पद्धत सोडून देण्याचे ठरले, आणि १८७६ साली अश्वपैदाशीचे नवे खाते निघाले. त्याचा मुख्य हॅलन हा पशुवैद्य होता. १८६२ साली पुण्यास निघालेल्या लष्करी पशुवैद्यक शाळेमुळे त्याचा मुंबई इलाख्याशी जुना परिचय होता.

नव्या खात्याची रीत अशी. सरकारने केवळ वळू पुरवावेत आणि घोड्या रयतेच्या असाव्यात. वळू घोडे जिल्ह्यातील निवडक ठाण्यांवर ठेवले जात. घोडी आणली म्हणजे तिची उंची, वय व व्यंगे तपासली जात. पसंत पडल्यास तिला सरकारी डाग दिला जाई आणि अशा डागलेल्या घोडीस वळू विनामूल्य दाखवला जाई. झालेले शिंगरू पूर्णपणे मालकाचे. सरकारला विकण्याची सक्ती नाही. याखेरीज घोड्यांचे बाजार व प्रदर्शने भरवून बक्षिसे वाटणे, आणि हलक्या प्रतीच्या नर शिंगरांना खच्ची करून त्यांची पैदास थांबवणे, हीही कामे खात्याकडे होती. वळूंमध्ये अरबी घोडे असत, इंग्लंडातील शर्यतीच्या रक्ताचे असत, आणि नॉरफोक परगण्यातील दुडक्या चालीचे धिप्पाड घोडेही असत. दख्खनच्या लहान चणीच्या घोड्यांना त्यांतल्या त्यात अरबी वळूच मानवणारा होता.

या योजनेचे मूळ इंग्लंडच्या खेड्यांत होते. तेथे वसंत ऋतूत वळूचा मालक किंवा त्याचा माणूस नामांकित घोड्याला हाती धरून गावोगाव हिंडे, आणि शेतकरी ठरलेली फी देऊन आपल्या घोड्या दाखवीत. पण त्या देशात घोडा हा शेतीचा पाया होता. नांगर घोड्यांचा, गाडी घोड्यांची, आणि गाभण घोडीदेखील बेताने नांगराला चाले. घोडी बाळगणे हा तेथल्या शेतकऱ्याचा नित्याचा संसार होता. शिंगरू हा वरचा लाभ. दख्खनच्या काळ्या जमिनीत नांगर, वखर, मोट, गाडी सारे बैलाचे. येथल्या कुणब्याच्या दारात घोडी असली तर ती पाटीलकीच्या मानासाठी, बाजारहाटासाठी किंवा जुन्या शिलेदार घराण्याची आठवण म्हणून. ती शेतात एक तासही काढत नव्हती. इंग्लंडची रीत येथे आली, पण त्या रीतीला आधार देणारी शेती येथे नव्हती.

आता शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब करून पाहावा. घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू जन्मल्यावर फौजेच्या कामास येण्याजोगे होण्यास चार वर्षे तरी लागतात. म्हणजे घोडी वळूला दाखवल्या दिवसापासून रुपये हाती येईपर्यंत पाच वर्षांचा काळ गेला. या पाच वर्षांत एखादा तरी दुष्काळ पडणार नाही याची हमी दख्खनमध्ये कोण देणार? शिवाय थोराड वळूच्या शिंगराला वाढण्यासाठी दाणा हवा. ते कडब्यावर वाढत नाही. आणि एवढे करून खरेदी अधिकाऱ्याने ते अर्ध्या मुठीने लहान म्हणून नापसंत केले, तर ते ना नांगराला उपयोगी ना मोटेला. बैलाचा गोऱ्हा मात्र तीन वर्षांत जुवाखाली येतो आणि स्वतःच्या मालकाचेच काम करतो. वळूची फी माफ झाली हे खरे, पण पाच वर्षांच्या खर्चापुढे त्या फीची ती किंमत काय?

योजनेत आणखी एक उणीव होती, आणि ती शास्त्राने बऱ्याच उशिरा स्पष्ट केली. सुधारणा म्हणजे वळू, अशी सर्वांची समजूत होती. १९३८ साली केंब्रिज येथील वॉल्टन व हॅमंड या दोन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शायर ही इंग्लंडातील प्रचंड देहाच्या घोड्यांची जात आणि शेटलंड ही अगदी खुज्या तट्टांची जात. या दोहोंचा त्यांनी दोन्ही बाजूंनी कृत्रिम रेतनाने संकर केला. आई शायर असता जन्मलेले शिंगरू, आई शेटलंड असता जन्मलेल्या शिंगराच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे भरले. दोघांचे रक्त सारखेच होते, फरक होता तो फक्त आईच्या उदराचा. जन्माच्या वेळी शिंगरू केवढे असावे याचा मुख्य निर्णय आई करते, असा याचा अर्थ. अर्धपोटी राहिलेल्या लहान चणीच्या घोडीला कितीही भव्य वळू दाखवला, तरी सुधारणा तिच्या चाऱ्यापाशीच अडणार होती.

आणि घोडीचा चाराच दुष्काळांनी हिरावला. ज्या वर्षी अश्वपैदाशीचे खाते निघाले, त्याच १८७६ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळाला आरंभ झाला. माणसे अन्नाला मोताद झाली तेथे घोड्या कोण जगवणार? त्यातून सावरतात न सावरतात तोच १८९६–९७ आणि १८९९–१९०० हे दोन दुष्काळ आले. याच काळात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सचे वेलर घोडे आगबोटींतून हजारोंनी हिंदुस्थानात उतरत होते. ते उंच, बळकट, एकसारखे आणि मोकळ्या कुरणांवर स्वस्तात वाढलेले होते. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालन्यावरून जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि लांबच्या प्रवासासाठी घोडे बाळगण्याची गरजही कमी झाली. जालन्याची बाजारपेठ कापसाने व धान्याने भरभराटली. तिचा व्यवहार आगगाडीवर आणि बैलगाडीवर चालू लागला.

१९०३ साली हैदराबाद काँटिंजंटची स्वतंत्र व्यवस्था संपली, तिची पथके हिंदी फौजेत मिसळली, आणि जालन्याच्या छावणीतून ती निघून गेली. त्यातील एका रिसाल्याने १९१६ च्या जुलैत फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर भाल्यांनिशी हल्ला चढवला. पहिल्या महायुद्धानंतर १९२१ च्या सुमारास शिलेदारी पद्धतही मोडीत निघाली. डेक्कन हॉर्स हे नाव भारतीय सेनेत आजही आहे, परंतु त्या पलटणीत आता रणगाडे आहेत.

वळू पुरवून घोड्याची जात सुधारत नाही, हे इंग्रजांच्या ध्यानातच आले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात झेलम नदीच्या कालव्यावर नवी वसाहत झाली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांना फौजेसाठी घोडी बाळगण्याच्या अटीवर जमिनी देण्यात आल्या. त्यांना घोडीपाल म्हणत. कालव्याचे पाणी, हिरवा चारा आणि घोडीला जोडलेली जमीन यांच्या बळावर तेथे पैदास वाढली. ती अट कित्येकांना जाचकही वाटली, तो भाग वेगळा. पण पाहू जाता ही युक्ती मराठ्यांच्या सरंजामाहून फारशी निराळी नव्हती. चाकरीसाठी जमीन, जमिनीसाठी घोडी, आणि घोडीसाठी माणसाची आस्था, ही साखळी पंजाबात नव्याने जोडली गेली. दख्खनमध्ये ती तुटलेलीच राहिली, आणि तिच्या एका टोकाला वळू तेवढा बांधला गेला.

दख्खनी घोडा तरीही समूळ नष्ट झाला नाही. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या बाजूच्या मेंढपाळ धनगरांनी तो राखला. मेंढरांमागे शेकडो मैल भटकताना बिऱ्हाड, करडे-कोकरे आणि लहान मुले त्याच्याच पाठीवर असतात. कोणी बक्षीस दिले नाही, कोणी वळू पुरवला नाही. पण घोड्यावाचून त्यांचा संसार चालत नव्हता, म्हणून घोडा टिकला. नांदेड जिल्ह्यातील खंडोबाच्या माळेगावी मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणाऱ्या यात्रेत आजही घोड्यांची खरेदी-विक्री होते आणि मराठवाड्यातील हौशी माणसे तेथे घोडी पारखताना दिसतात. अलीकडे कर्नाल येथील राष्ट्रीय पशुआनुवंशिक संस्थेने भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. ही गोष्ट आनंदाची खरी.

मात्र मान्यतेनंतर काय करायचे, याचे उत्तर जुन्या सरकारी वळूच्या कहाणीत शोधावे लागेल. नोंदवही, प्रदर्शन, बक्षीस आणि निवडक वळू ही सारी साधने १८७६ सालीही होती. नव्हती ती एकच गोष्ट, म्हणजे घोडी बाळगण्याचे रोजचे कारण. आज ते कारण धनगरांच्या वाटेवर आहे, आणि त्या वाटा कुंपणांनी, कालव्यांनी, रस्त्यांनी वर्षागणिक अरुंद होत चालल्या आहेत. भीमथडीचे रक्षण करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम चराऊ कुरणांकडे आणि त्या वाटांकडे पाहावे. चांगला वळू त्यानंतरही मिळू शकेल.